सात हजार डॉलरचा सिनेमा आणि आपली जाम नदी

सौंसर आणि पांढुर्णा या दोन्ही गावांना जग ओळखतं ते दगडांवरून. भूगर्भशास्त्राच्या पुस्तकांत ‘सौंसर समूह’ म्हणून मँगनीजचे अतिप्राचीन खडक आहेत, त्यांना आमच्या सौंसरचं नाव आहे. आणि पांढुर्णा वर्षातून एकदा सगळ्या वाहिन्यांवर झळकतो तो पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या गोटमारीमुळे. उरलेले दिवस आम्ही कुठे असतो, कोणत्या भाषेत भांडतो, कशावर हसतो, हे कोणाला विचारावंसं वाटत नाही. नागपूरला शिकायला आल्यावर पहिल्या वर्षी “तू एमपीची ना, मग तुले मराठी कशी येते?” हा प्रश्न मला इतक्यांदा आला की शेवटी मी “आईमुळे” एवढंच उत्तर ठेवलं होतं.

या लेखात मला सिनेमाविषयी बोलायचं आहे, आणि माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. आमच्या भागाने स्वतःचा, थोड्या पैशातला, आपल्या बोलीतला सिनेमा काढावा. आणि पहिला सिनेमा हिरवीगार शेतं, बैलजोडी आणि आजीच्या हातची भाकर असा गोडगोड नसावा. तो गुन्ह्याचा असावा.

हे डोक्यात आलं ते एका स्पॅनिश सिनेमामुळे. त्याचं नाव ‘एल मारियाची’, साल १९९२. काढणारा रॉबर्ट रॉड्रिगेझ, अमेरिकेच्या टेक्सासमधला मेक्सिकन घरातला विशी-बाविशीतला पोरगा. खर्च सुमारे सात हजार डॉलर, म्हणजे तेव्हाच्या भावाने दोनेक लाख रुपये. त्यातले बरेचसे पैसे त्याने कसे उभे केले? एका औषध-चाचणीत महिनाभर स्वतःच्या शरीरावर प्रयोग करू देऊन. चाचणीच्या खाटेवर पडल्या पडल्या त्याने पटकथा लिहिली. मग मित्राच्या गावी गेला आणि दोन आठवड्यांत सिनेमा चित्रित करून मोकळा झाला.

ते गाव सिउदाद अकुन्या. मेक्सिकोतलं, पण अगदी सीमेवरचं. एका काठाला अकुन्या, नदी ओलांडली की अमेरिका. मित्राचं नाव कार्लोस गायार्दो, तो तिथलाच, आणि सिनेमाचा नायकही तोच. कॅमेरा उसना. कॅमेरा सरकवायला रूळ नव्हते, म्हणून चाकाची खुर्ची आणली, तिच्यात बसून एक जण कॅमेरा धरायचा आणि दुसरा ढकलायचा. बंदुका गावच्या पोलिसांकडून मागून आणलेल्या. गावातलीच माणसं नट. आवाज नंतर वेगळा नोंदवला. गोष्ट साधी आहे: गिटारच्या पेटीत गिटार घेऊन एक गाणारा गावात येतो, त्याच दिवशी गिटारच्या पेटीत बंदुका घेऊन एक गुंड येतो, आणि लोक एकाला दुसरा समजतात. जो फक्त गाऊन पोट भरायला आला होता, त्याच्या हाताला शेवटी गोळी लागते आणि गिटार कायमची सुटते.

हा सिनेमा थिएटरसाठी काढलाच नव्हता. स्पॅनिश बोलणाऱ्यांच्या व्हिडिओ कॅसेटच्या बाजारात तो विकून पुढच्या सिनेमाचे पैसे काढायचे, एवढाच बेत होता. नशिबाने तो कोलंबिया पिक्चर्सने घेतला, १९९३ मध्ये सनडान्स महोत्सवात प्रेक्षकांच्या पसंतीचा पुरस्कार मिळाला आणि २०११ मध्ये अमेरिकेने जपून ठेवायच्या चित्रपटांच्या राष्ट्रीय यादीत त्याचं नाव गेलं. एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. सात हजारात बनला तो मूळ सिनेमा. थिएटरात आणताना कोलंबियाने आवाज, प्रिंट आणि जाहिरातीवर त्याच्या कितीतरी पट पैसा ओतला. स्वस्तातला सिनेमा काढता येतो, स्वस्तात जगभर पोचवता येत नाही. पण आपल्याला जगभर जायचंय कुठे? आपल्याला आधी सावरगाव ते पांढुर्णा एवढंच अंतर पार करायचं आहे.

रॉड्रिगेझ ज्या कॅसेटच्या बाजारासाठी सिनेमा काढायला निघाला होता, तो बाजार मला त्याच्याइतकाच महत्त्वाचा वाटतो. मेक्सिकोच्या उत्तर सीमेवर १९७० च्या दशकापासून तस्करीच्या, बंदुकीच्या, सूडाच्या सिनेमांची एक मोठी लाट आली. तिची सुरुवात गाण्यांतून झाली. तिकडे ‘कोरीदो’ नावाचा गीतप्रकार आहे: घडलेली घटना, नावागावासकट, चालीत सांगायची. आपल्या पोवाड्याचा लांबचा भाऊच म्हणा. ‘लोस तिग्रेस देल नोर्ते’ या वाद्यवृंदाने गायलेल्या तस्करीच्या कोरीदोंवर १९७७-७८ च्या सुमाराला सिनेमे निघाले आणि धो धो चालले. मारिओ अल्माडा नावाचा नट या सिनेमांचा दादा. त्याने शेकड्यांनी सिनेमे केले आणि थेट २०१६ मध्ये तो गेला. पुढे व्हिडिओ आल्यावर दोन-तीन आठवड्यांत एक सिनेमा काढायचा, कॅसेटवर उतरवायचा आणि बाजारात विकायचा, असा धंदाच बसला. पाहणारे कोण? सीमेवरचे मजूर, ट्रक ड्रायव्हर, आणि पलीकडे अमेरिकेत राबायला गेलेले त्यांचे भाऊबंद. राजधानीतल्या समीक्षकांनी या सिनेमांना नाकं मुरडली. ज्यांच्यासाठी ते होते त्यांनी ते पाहिले.

आता आपल्या नकाशाकडे या. १९५६ पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भाचे आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले, नव्या मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळ झाली, आणि छिंदवाडा जिल्हा तिकडेच राहिला. त्याच्या दक्षिण टोकाचे सौंसर-पांढुर्णा हे मराठी बोलणारे तालुकेही त्याच्याबरोबर तिकडेच राहिले. टेक्सास आणि मेक्सिकोच्या मधली रेघही अशीच एकोणिसाव्या शतकात वरून आखली गेली. माणसं जागची हलली नाहीत, सीमा त्यांच्या अंगणातून गेली. ऑक्टोबर २०२३ मध्ये हेच दोन तालुके मिळून पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला. बरं झालं. पण जिल्हा झाला म्हणून बोलायला तोंड मिळतं असं नाही. शाळेत हिंदी, कचेरीत हिंदी, दवाखाना नागपूरचा, सोयरीक काटोल-वरुडची, आणि घरात “काऊन बे, जेवला का?” अशी आमची दिवसभराची भाषा. आमची संत्रीसुद्धा बाजारात नागपूरच्या नावाने खपतात. मग आमच्या गोष्टी कोणाच्या नावाने खपणार?

मध्य प्रदेशात हल्ली शूटिंग पुष्कळ होतं, हे खरं. ‘स्त्री’ चंदेरीत झाला. ‘पंचायत’मधलं फुलेरा हे गोष्टीत उत्तर प्रदेशातलं गाव आहे, पण चित्रण सिहोर जिल्ह्यातल्या महोडिया गावात झालं. यात वाईट काही नाही, लोकांना कामं मिळतात. पण तिथे गाव हे भाड्याने दिलेलं आवार असतं. ओसरी आपली आणि गोष्ट पाहुण्याची. अकुन्यात उलटं झालं: कॅमेरा उसना होता आणि गाव स्वतःचं होतं.

“हे मेक्सिकोत ठीक आहे, आपल्याकडे कोण काढतो असा सिनेमा?” असं कोणी म्हणेल, तर उत्तर महाराष्ट्रातच आहे. मालेगावात व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी २००० मध्ये ‘मालेगाव के शोले’ काढला. नट कोण, तर गावातलीच मंडळी, बरेचसे यंत्रमागाच्या गावात मजुरी करणारे. सायकलवर कॅमेरा बसवून सरकता शॉट, बैलगाडीचं जू वर-खाली करून क्रेनचा शॉट. रॉड्रिगेझची चाकाची खुर्ची आणि मालेगावची बैलगाडी या एकाच अकलेच्या दोन लेकी आहेत. त्यांच्यावर ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट झाला आणि अलीकडे मुंबईने ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ हा मोठा सिनेमाही काढला. आणि पूर्वेला झाडीपट्टी आहेच. दिवाळीपासून होळीपर्यंत वडसा-देसाईगंजच्या कंपन्या रात्र-रात्र नाटकं करतात, आणि शंकरपटाला, मंडईला आलेली हजारो माणसं तिकीट काढून पहाटेपर्यंत बसतात. २०२३ मध्ये झाडीपट्टीचे परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली. ती मिळायच्या कितीतरी आधीपासून प्रेक्षक त्यांच्यासमोर बसत होता.

म्हणजे मजूर आहे, शेतकरी आहे, तिकीट काढणारा प्रेक्षकही आहे. आमच्याकडे आणखी एक गोष्ट आहे, ती म्हणजे झडती. पोळ्याच्या तोरणाखाली बैल उभे राहिले की गावातला कोणीतरी खणखणीत आवाजात झडती म्हणतो. तिच्यात देव असतो तसा सावकार असतो, कापसाचा भाव असतो, सरपंचाला काढलेला चिमटा असतो. सगळं गाव हसतं आणि ज्याला लागायचं त्याला लागतं. कोरीदो याहून वेगळा काय असतो? तिकडे कोरीदोचा सिनेमा झाला. आमची झडती तोरणाखालीच राहिली, आणि आता तिथेही डीजे आला.

आता गुन्ह्याकडे येते.

गोटमार काय आहे ते या मासिकाच्या सगळ्या वाचकांना माहीत असेलच असं नाही, म्हणून थोडक्यात सांगते. जाम नदीच्या एका काठाला पांढुर्णा, दुसऱ्या काठाला सावरगाव. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नदीच्या मध्यात पळसाचं झाड रोवतात, त्यावर झेंडा असतो. मग दोन्ही काठांवरून दगडांचा मारा सुरू होतो. पांढुर्णेवाले ते झाड तोडून झेंडा न्यायला पाहतात, सावरगाववाले त्यांना अडवतात. हे दिवस मावळेपर्यंत चालतं. शेवटी झाड चंडीमातेच्या देवळात जातं. दरवर्षी शेकडो माणसं जखमी होतात, आणि आजवर कित्येकांचे जीव गेले आहेत. जमावबंदीचा आदेश निघतो, रुग्णवाहिका उभ्या राहतात, तात्पुरते दवाखाने लागतात. प्रशासनाने मधे एकदा दगडांऐवजी रबरी चेंडू ठेवून पाहिले. लोकांनी चेंडू बाजूला सारले आणि दगड उचलले.

यामागे जी गोष्ट सांगतात ती अशी: पांढुर्ण्याच्या मुलाचं सावरगावच्या मुलीवर मन बसलं. तो तिला घेऊन नदी ओलांडत होता. तिच्या माणसांनी पाहिलं आणि दगड मारले, इकडून याच्या माणसांनी मारले, आणि दोघंही नदीतच मेली. भोसल्यांच्या सैन्याच्या सरावाची वगैरे दुसरीही एक कथा आहे, पण घराघरात सांगतात ती ही.

एकदा सण हा शब्द बाजूला ठेवून ही गोष्ट पुन्हा वाचा. दोन सज्ञान माणसं आपल्या मर्जीने चालली आहेत आणि दोन गावांनी मिळून त्यांचा खून केला आहे. साक्षीदार शेकड्यांनी आहेत, आरोपी कोणीच नाही. याहून मोठी गुन्हेकथा कुठे मिळेल? आणि आपण तिचं काय करतो? दरवर्षी तीच मारामारी पुन्हा करतो. माझ्या डोक्यात एक प्रश्न कायम राहतो: त्या मुलीचं नाव काय होतं? मी ऐकलेल्या एकाही सांगण्यात तिला नाव नाही. ती ‘सावरगावची पोट्टी’. तिला काय वाटत होतं, नदीत पाय टाकायच्या आधी तिने मागे वळून पाहिलं का, आपल्याला ठाऊक नाही. झाडाला झेंडा आहे, झाडाची पूजा आहे, मुलीला नाव नाही.

२०१६ मध्ये ‘सैराट’ आला. गोष्ट तीच: पळून गेलेली दोघं आणि मुलीच्या घरचे. पण नागराज मंजुळेंनी तिला अर्ची हे नाव दिलं, बुलेट दिली, ट्रॅक्टर दिला, आणि करमाळ्याकडची बोली तिच्या तोंडात तशीच ठेवली. त्यामुळे शेवटी ती मेली तेव्हा थिएटरात सगळे गप्प झाले. कारण एक ओळखीची मुलगी मेली होती. त्याआधी ‘फँड्री’त जब्याने शेवटी दगड उचलून भिरकावला, तो थेट आपल्या, पाहणाऱ्यांच्या अंगावर आला. मराठी सिनेमातला सगळ्यात मोठा दगड मी तोच मानते. तो कोणाला लागला नाही आणि तरी सगळ्यांना लागला. सिनेमा काय करू शकतो ते त्या एका दगडात आहे. जाम नदीवर दरवर्षी इतके दगड उडतात, त्यातल्या एकाने तरी असा विचार करायला लावलं आहे का?

कोणी म्हणेल, गोटमारीचं चित्रण तर भरपूर होतं. होतंच. ड्रोन असतात, वाहिन्या असतात, आणि प्रत्येक पोट्ट्याच्या हातात मोबाइल असतो. पण ते कॅमेरे काय पाहतात? वरून पाहिलेली गर्दी आणि जवळून पाहिलेलं रक्त. त्याला ढोलाचं संगीत लावायचं, ‘हमारा पांढुर्णा’ लिहायचं आणि टाकून द्यायचं. त्या दिवशी दुपारी जी बाई दाराशी बसून आपल्या माणसाची वाट पाहते, तिच्याकडे एकही कॅमेरा वळत नाही. गोफणीच्या हातावर कॅमेरा असतो. डोळा गेलेल्या माणसाने पुढची वीस वर्षं शेत कसं केलं, ते कुणी दाखवत नाही. सात हजार डॉलरचा सिनेमा आणि फुकटचं रील यातला खरा फरक पैशाचा नाही. सिनेमाला दुसऱ्या दिवशीची सकाळ दाखवावी लागते.

इथेच त्या मेक्सिकन सिनेमांचा धोकाही सांगायला हवा, नाहीतर माझं म्हणणं एकांगी होईल. त्या व्हिडिओ सिनेमांत लवकरच तस्कर हाच देव झाला. ज्यांच्यावर सिनेमा निघायचा त्यांच्यातलेच काही जण पैसा पुरवतात, असं उघड बोललं जायचं. मोठी गाडी, सोन्याची साखळी, सोनेरी पिस्तूल आणि आपल्या नावाचं गाणं. गाव स्वतःची गोष्ट सांगत होतं, पण बोलायला लावणारा खिसा दुसऱ्याचाच होता. त्यामुळे ‘आपल्या भाषेत, आपल्या माणसांनी’ एवढ्यावर सिनेमा चांगला ठरत नाही. कोणाच्या पैशाने आणि कोणाच्या बाजूने, हे विचारावंच लागतं. आपल्याकडेही तलवारीने केक कापणाऱ्या ‘भाऊं’ची रीलं आहेतच. सीमेवरच्या गावात दोन राज्यांचे दोन दर, दोन कायदे असतात. त्यामुळे इकडचं काही ना काही रात्रीतून तिकडे जात असतं आणि त्यातून छोटे-मोठे भाऊ तयार होतात. उद्या कोणी असा भाऊ म्हणाला, “घ्या पैसे, काढा माझ्यावर पिक्चर,” तर नाही म्हणता आलं पाहिजे. स्वस्तातल्या सिनेमाचा मोठा फायदा हाच आहे. खर्चच कमी असला की कोणाचे उपकार घ्यावे लागत नाहीत.

“गुन्ह्याचा सिनेमा काढून गावाची बदनामी कशाला?” हा आक्षेप मला सगळ्यात आधी घरातूनच येईल, याची खात्री आहे. पण बदनामी कशाने होते? वाहिनीवर दहा सेकंदांचं रक्त दाखवलं की आम्ही रानटी ठरतो. त्याच घटनेतली माणसं, त्यांची नाती, त्यांची भीती वीस मिनिटं दाखवली की आम्ही माणसं ठरतो. झाकून ठेवल्याने अब्रू राहते हे खरं असतं, तर त्या दोघांना मारून सावरगाव-पांढुर्ण्याची अब्रू केव्हाच वाढली असती.

दुसरा आक्षेप: “परंपरा आहे, तिच्यात हात घालू नये.” मी परंपरेची टिंगल करत नाही. दोन गावं वर्षभराचं मनातलं एका दिवसात नदीवर आणून टाकतात आणि संध्याकाळी एकाच देवीपुढे जातात, यात काहीतरी खोल आहे हे मला कळतं. पण पांढुर्ण्याहून शंभरेक किलोमीटरवर, त्याच दिवशी, नागपुरात मारबत निघते. काळी मारबत, पिवळी मारबत, आणि त्यांच्या मागे बडगे. महागाईचा बडगा, लाचखोरीचा बडगा, त्या-त्या वर्षी ज्याचा राग आला त्याचा बडगा. लोक शिव्या देतात, नाचतात, आणि शेवटी पुतळा जाळतात. गेल्या सव्वाशेहून अधिक वर्षांची ही परंपरा आहे, आणि तिच्यात राग पुतळ्यावर निघतो. एकच तिथी, एकच पोळा, एकच भाषा, तरी एका गावाने रागाला पुतळा दिला आणि दुसऱ्याने कपाळ. परंपरा बदलत नाही असं म्हणणाऱ्यांनी त्या दिवशी सकाळी पांढुर्ण्याला थांबावं आणि दुपारच्या गाडीने नागपूरला यावं. सिनेमा हाही एक बडगाच आहे. त्यातलं रक्त नकली असतं, मेलेला माणूस ‘कट’ म्हटलं की उठून चहा पितो, आणि पाहणाऱ्याच्या मनातली मारामारी मात्र खरीच झालेली असते.

आपल्या कॉलेजात शिकणाऱ्यांना योहानाच्या शुभवर्तमानातला आठवा अध्याय सांगायला नको. एका बाईला दगडांनी मारायला जमलेली माणसं, आणि खाली वाकून जमिनीवर बोटाने लिहीत असलेला येशू. तुमच्यात जो निष्पाप असेल त्याने पहिला दगड टाकावा, एवढंच तो सांगतो आणि पुन्हा लिहू लागतो. मग एकेक जण निघून जातो, म्हातारे आधी. मी ख्रिस्ती नाही, पण ही गोष्ट पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला जाम नदीच आठवली. दोन गोष्टी लक्षात राहिल्या. त्याने गर्दीशी भांडण केलं नाही, प्रत्येकाला एकेकटं केलं. गर्दीत दगड मारता येतो, एकट्याला तो जड होतो. आणि दुसरी, म्हातारे आधी गेले. चांगला सिनेमा अंधाऱ्या खोलीत हेच करतो, शंभर माणसांत बसवून प्रत्येकाला एकटं पाडतो. आमच्या गावातले म्हातारे तो पाहून आधी उठले, तर पोट्टे मागून येतीलच.

भाषेबद्दलचा तिसरा आक्षेप मित्रमंडळींचा आहे: “हिंदीत काढ ना, व्ह्यूज येतील.” येतीलही. पण ‘एल मारियाची’ अमेरिकेत स्पॅनिशमध्येच लागला, खाली इंग्रजी अक्षरं देऊन. तो स्पॅनिशमध्ये होता कारण ज्यांच्यासाठी काढला ते स्पॅनिश बोलत होते, बस्स. आमच्याकडे आई लेकराला “कायले गेला होता तिकडे?” म्हणते, तहसीलदाराशी तोच मुलगा हिंदीत बोलतो, आणि दोन्हींच्या मधे अडकून कधीकधी गप्प बसतो. ते गप्प बसणंही आमच्या भाषेचाच भाग आहे. पुण्याच्या प्रमाण मराठीत तो सिनेमा खोटा वाटेल आणि नुसत्या हिंदीत अर्धा. दोन्ही भाषा जशा घरात येतात-जातात तशाच पडद्यावर येऊ-जाऊ द्या. वाचणाऱ्यांसाठी खाली अक्षरं आहेतच.

म्हणून वाङ्मय मंडळापुढे माझी एक सरळ मागणी आहे. दरवर्षी आपण कथास्पर्धा घेतो, काव्यवाचन घेतो. यंदा एका पटकथेला जागा द्या. वीस मिनिटांची, नागपुरी-वऱ्हाडी बोलीतली. पात्रं पाच-सहा, जागा दोन: एक घर आणि एक नदीकाठ. कॅमेरा म्हणून कोणाचाही बरा मोबाइल चालेल. आवाजासाठी मात्र चांगला माइक हवाच, कारण चित्र थोडं खराब असलं तर लोक चालवून घेतात, बोलणं ऐकू आलं नाही तर उठून जातात. चाकाची खुर्ची कुठूनही मिळेल, नाहीतर आमच्याकडे बैलगाडी आहे. खऱ्या गोटमारीत शूटिंग करायचं नाही. कोणाच्या फुटलेल्या डोक्यावर आपला सिनेमा उभा करायचा नाही. दगड ऐकू आले तरी पुरे, दिसायची गरज नाही. कॅमेरा घरात ठेवायचा, वाट पाहणाऱ्यांजवळ. झाल्यावर तो आधी सावरगावात दाखवायचा आणि मग पांढुर्ण्यात, किंवा उलट. त्यावरून पुन्हा मारामारी नको म्हणून चिठ्ठी टाकू.

पटकथा मी लिहायला घेतली आहे. पहिल्या पानावर अजून फक्त पात्रांची नावं आहेत. आई, भाऊ, शेजारची काकू, नदीपलीकडचा मुलगा. मुलीच्या नावाची जागा मी मुद्दाम मोकळी ठेवली आहे. ते नाव मी एकटीने ठरवू नये असं वाटतं. सावरगावच्या ज्या मुली इथे किंवा छिंदवाड्याला शिकतात त्यांनी ते सुचवावं. त्यांच्यातलीच एक जण होती ती.